अतिमानवांची दिरंगाई

अर्ध्या विश्वाच्या संहाराची फिर्याद २०१८ साली ‘इन्फिनिटी वॉर’ या चित्रपटात दाखल व्हावी, सुनावणी तहकूब राहावी आणि पुढील वर्षी ‘एंडगेम’ने तीन तासांहून अधिक वेळ घेऊन तिचा निकाल द्यावा, याबद्दल प्रत्येक तारखेस स्वखर्चाने हजर राहणाऱ्या माझ्यासारख्या जुन्या भक्ताने कुरकुरणे शोभत नाही, हे खरे. तथापि १९५७ च्या जानेवारीत ‘आय लव्ह ल्यूसी’ या अमेरिकी दूरचित्रवाणी-प्रहसनात, मुलाच्या वाढदिवसास सुपरमॅन येणार नाही या धास्तीने स्वतःच त्याचा वेष चढवून इमारतीच्या कठड्यावर गेलेली व पाठीवरची झूल नळाला अडकल्याने पावसात भिजत खोळंबलेली ल्यूसिल बॉल, आणि तिला सोडविण्यासाठी, उड्डाणाचे नावही न काढता, खिडकीतून निमूटपणे बाहेर पडणारा, सुपरमॅनची भूमिका करणारा जॉर्ज रीव्ह्ज, यांनी अवघे प्रकरण जाहिरातींसह अर्ध्या तासात निकालात काढले होते. धोक्यात होती ती एका आईची अब्रू. तिचे रक्षण मला ग्रहगोलांच्या रक्षणाहून बिकट वाटते, कारण ग्रहगोलांसाठी संगणकावर राबणारे शेकडो कारागीर मिळतात, आणि त्यांची नामावळी संपेपर्यंत आम्हीही, शेवटी आणखी एखादा प्रसंग दाखवतील या आशेने, खुर्ची सोडत नाही.