फाकलेला कोपरा

दाराच्या चौकटीवर मारलेल्या पट्टीचा वरचा कोपरा फाकलेला दिसला, की मला त्या घरात चहा गोड लागत नाही. यजमान कौतुकानं नवा सोफा दाखवतात, देव्हारा दाखवतात, आणि माझी नजर त्या कोपऱ्यावर खिळलेली असते. फट दिसते, फटीत भरलेली पुट्टी दिसते, पुट्टीला गेलेला तडाही दिसतो. तक्रार बारीक आहे, मान्य. पण ती मी सोडणार नाही.

खुटबावात अलीकडे घरं देखणी होऊ लागली आहेत. उसाचा पैसा आहे, पुण्या-दौंडला नोकरीला जाणारी मंडळी आहेत. सागवानी दारासाठी माणूस पुण्याच्या टिंबर मार्केटात फेऱ्या मारतो, बिजागऱ्या पितळीच हव्यात म्हणून अडून बसतो. आणि चौकट व भिंतीमधली सांध झाकायला जी दोन-तीन इंची पट्टी लागते, ती मात्र वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी उरकतात. मांडव पडलेला, आचारी आलेला, आणि मिस्त्री अजून दारात पट्ट्या कापतोय. कोपरा जुळला नाही तर उत्तर ठरलेलं: “पुट्टीत झाकून जाईल.”

झाकून जात नाही. श्रावणातल्या ओल्या हवेत मारलेली लाकडी पट्टी चैत्रापर्यंत आक्रसते. लांबी जवळपास तेवढीच राहते, रुंदी कमी होते, म्हणून पंचेचाळीस अंशांच्या सांध्याची आतली बाजू उघडते. उन्हाळ्यात मारलेली असेल तर पावसाळ्यात ती फुगते आणि बाहेरचं टोक उघडतं. पुट्टी लाकडाबरोबर हलत नाही, ती तडकते. पट्टी वाळलेली घ्यावी, आठवडाभर त्याच खोलीत ठेवावी, सांध्याला नुसत्या चुका न ठोकता सरसही लावावा. यात अवघड काय आहे?

दुसरं ठरलेलं उत्तर, “भिंतच गुण्यात नाही.” खरं आहे. गिलावा कोपऱ्यात जाड होतो, वर पुट्टीचे हात चढतात, आणि काटकोन ९२ अंशांचा होऊन बसतो. मग तिथं ४६ अंशांचे दोन काप घ्यायचे. भिंत वाकडी आहे हे ठाऊक असताना डोळे मिटून ४५ वर कापायचं, याला काय म्हणावं? तीन इंची पट्टीत दोन्ही कापांना एकेक अंश चुकला, तर फट सूतभराहून मोठी पडते. आरशाच्या फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येकात अर्धाच अंश एकाच बाजूला चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यात चार अंश गोळा होतात. रद्दीतले दोन तुकडे आधी कापून कोपऱ्यात धरून बघितले की सगळं कळतं. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात स्कर्टिंगला तर पंचेचाळीसचा हट्टच नको. एक पट्टी सरळ भिंतीला टेकवावी आणि दुसरीच्या टोकाला पहिलीच्या नक्षीचा आकार कोरून ती तिच्यावर बसवावी. भिंत थोडी कमी-जास्त असली तरी हा सांधा उघडत नाही.

पण यापेक्षा मोठी तक्रार कटरची आहे. मिस्त्री उकिडवा बसतो, पट्टी पायाच्या अंगठ्याखाली दाबतो आणि पेन्सिलीच्या रेघेवर चार इंची मार्बल कटर सोडतो. पातं अंगठ्यापासून चार बोटांवर. हे यंत्र दगड-फरशीसाठी बनलेलं, बिनदाती हिऱ्याच्या पात्यासाठी. त्याला लाकडाचं दातेरी पातं चढवलं की ते मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फिरतं, आणि दात लाकडात अडकला की कटर मागे उसळतो. बटण दाबून अडकवून ठेवलेलं असेल, तर हातातून सुटल्यावरही तो फिरतच राहतो. शिवाय दात खालून वर येतात, त्यामुळे पट्टीच्या दर्शनी बाजूचेच टवके उडतात. काम खराब आणि पाय धोक्यात, एकाच वेळी.

मायटर सॉ आता काही मिस्त्रींकडे आलाय, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याची बैठक हव्या त्या अंशावर फिरते आणि पातं वरून खाली येतं. पण त्याच्या पात्यावरचं झाकण तारेनं वर बांधलेलं बघितलं की आनंद संपतो. कारण काय, तर रेघ दिसत नाही. दहा इंची पातं मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या दाताचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास असतो. खुटबाव स्टेशनवरून न थांबता जाणारी कुठलीही गाडी इतकी पळत नाही.

पट्टी मागच्या आडोशाला आणि खालच्या बैठकीला, दोन्हीकडे टेकलेली हवी, क्लॅम्पनं दाबलेली हवी. लांब टोकाखाली त्याच उंचीचा ठोकळा हवा. हात पात्यापासून निदान सहा इंच लांब, आणि पात्यासमोरून आडवा कधीच नाही. दर्शनी बाजू वर. पातं पूर्ण वेगात आल्यावरच सावकाश खाली आणायचं, बारीक कामाला साठ-ऐंशी दातांचं. पातं स्वतःच सूतभर लाकूड खातं, म्हणून ते रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवायचं. आधी दोन सूत जास्त ठेवायचं आणि मग तासत यायचं.

काप झाला की सगळे चुकतात ती जागा येते. फिरतं पातं लगेच वर उचलतात. सुटलेला बोटभर तुकडा पात्याच्या कडेला रेललेला असतो, दात त्याला उचलतो आणि तो तुकडा कुठं जाईल याचा नेम नसतो. बटण सोडावं, पातं खालीच थांबू द्यावं, मगच उचलावं. वीतभराहून लहान तुकडा या यंत्रावर कापूच नये, हातकरवत कशासाठी आहे? हातमोजे नकोत, गळ्यात गमछा नको, मनगटात राखी किंवा गंडादोरा लोंबता नको. डोळ्याला चष्मा, कानाला बोळे आणि नाकाला मास्क हवाच. लाकडाच्या धुळीनं माणसाला कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवून ठेवलंय. आणि लाईट गेली की आधी पिन काढायची. बटण चालू राहिलेलं असलं तर लाईट आल्याबरोबर यंत्र आपोआप सुरू होऊ शकतं.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आपण पट्टीचे पैसे फुटावर ठरवतो, म्हणजे पळण्याचे पैसे देतो, आणि मग कोपरा जुळत नाही म्हणून कुरकुरतो. कोपऱ्याचे पैसे वेगळे धरा. एक पट्टी जास्तीची आणा. पट्ट्यांचं काम वास्तुशांतीच्या आधी चार दिवस संपवा. आणि मिस्त्री दारात यंत्र मांडेल तेव्हा पात्यावरचं झाकण जागेवर आहे का बघा. तारेनं बांधलेलं असेल तर ती तार सोडवल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.