जहागीरदार

नोकरी लागून बंगळूरला निघालेल्या पोराच्या बॅगेत मेतकूट असतं आणि खिशात एक फोन नंबर. "तिथं आपले जहागीरदार आहेत, सगळं बघतील." आडनाव त्यांचं भलतंच आहे. पण हे शहर शहाजीराजांना जहागिरीत मिळालं होतं, ही बातमी ते अशी देतात की फर्मान आजच सकाळी कुरिअरनं आलंय.

बातमी खोटी नाही. १६३८मध्ये विजापूरच्या फौजेनं केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या वाट्याला आलं. पुढं तंजावरला बसलेल्या त्यांच्या मुलानं, एकोजीराजांनी, ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकायला काढलं. किंमत ३ लाख. जहागीरदारांचं घोडं इथंच अडलं, ते आजतागायत हललेलं नाही.

पोरगं घर बघायला जातं. दोन खोल्या, भाडं तीस हजार, डिपॉझिट दहा महिन्यांचं. पोराच्या घशाला कोरड पडते, जहागीरदार मात्र खुलतात. "तीस दाहे तीनशे! अरे, एवढ्यात एकोजीनं अख्खं गाव काढलं होतं, किल्ल्यासकट!" घरमालकाला वाटतं, एकोजी म्हणजे खोलीत राहणारा दुसरा मुलगा. तो विचारतो, ते शाकाहारी आहेत ना?

हळूहळू एकोजी हे मापच झालं. पॅकेज किती? चार एकोजी. शाळेची फी? अर्धा. सिल्क बोर्डच्या चौकात गाडी तासभर तुंबली की कासिमखान निघतो. सौदा चालू असतानाच, १६८७मध्ये, हा मोगल सरदार मध्ये घुसला, त्यानं शहर ताब्यात घेतलं आणि वोडेयरांना गेलं ते त्याच ३ लाखांत. "बंगळूरचा पहिला ब्रोकर! तेव्हापासून इथं ब्रोकरशिवाय घर मिळत नाही."

या चऱ्हाटातून कामाचं वेचून घ्यावं लागतं. घर सोडताना रंगाचे म्हणून एक भाडं कापतील, ते आजच गेलं समज. ऑफिस किती किलोमीटर ते विचारू नकोस, किती वाजता निघायचं ते विचार. जुलैत स्वेटर लागतो. रिक्षावाल्याशी मोडकं का होईना, कन्नडच बोल.

रविवारी मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराच्या देवळात वारी. तिथं एकोजीच्या काळातला १६६९चा शिलालेख आहे. जहागीरदार त्याच्याजवळ असे उभे राहतात, की जणू सातबारा वाचताहेत. मग दर्शिनी हॉटेलात उभ्यानं चौचौ बात: एकाच ताटलीत उपम्याची मूद आणि शेजारी तुपात निथळणारा केशरी शिरा. पैसे दुसऱ्या कुणाला देऊ देत नाहीत. "माझ्या गावात आलायस!"

कबूल करणं जिवावर येतं, पण डिपॉझिट भरताना एका पोराला लाखभर रुपये कमी पडले, तेव्हा यांनी न विचारता खात्यावर टाकले आणि परतफेडीची तारीखही विचारली नाही. दुसऱ्याला डेंगी झाला, तर प्लेटलेटांचा आकडा ऐकत रात्रभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहिले. दोन्ही वेळा एकोजीचा उल्लेख नाही.

आणि हा माणूस स्वतः भाड्याच्या घरात राहतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मालकाचा मुलगा अमेरिकेहून परत येणार म्हणून यंदा घर सोडावं लागलं. मालकानं रंगाचे पैसे कापल्यावर जहागीरदार स्वतःचाच सल्ला आठवून गप्प बसले. बसली नाही ती मुलगी. ती जन्मली इथंच. जिन्यात उभी राहून ती मालकाशी अस्खलित कन्नडमध्ये अशी भांडली, की त्यानं शेवटी हसत पूर्ण रक्कम दिली. जहागीरदारांना त्यातलं निम्मं कळलं असेल.

टेम्पोत सामान चढत होतं. त्यांनी सुरुवात केली, "एकोजीनं त्या वेळी जर..."

"बाबा, त्यानं विकलं ना? मग झालं तर. आणि माझं गाव आहे हे, मी बघते."

नव्या घराचं डिपॉझिट दीड एकोजी आहे.