मीटर मागे फिरवणाऱ्या भाऊंस

भाऊ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, दुकानाचंही नाही. लाल अबार्थ पुंतो, एमएच-१२ पासिंग, वाशिमहून आलेला पंचविशीतला पोरगा आणि त्यानं रोख मोजून दिलेले सोयाबीनचे पैसे, एवढ्यावरून तुम्हाला आठवायला हवं. आठवत नसेल तर असे पोरगे तुमच्या दारातून बरेच गेलेत, असाच त्याचा अर्थ. हा पोरगा माझा भाचा.

तुमच्या हातात कसब आहे, हे आधी मान्य करतो. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडायचं आणि चहा संपायच्या आत गाडीनं तुडवलेले साठ-सत्तर हजार किलोमीटर पुसून टाकायचे, हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यावर कडी म्हणजे स्टीअरिंगला नवं लेदर, पेडलांना नवं रबर, ड्रायव्हरच्या सीटला नवं कव्हर. गिऱ्हाईक जिथं जिथं झीज पाहणार, तिथं तिथं तुमचा हात आधीच फिरून गेलेला. गाडीच्या पोटात मात्र तुम्ही रुपयाचा खर्च केला नाहीत. 'डॉक्टरची गाडी हाय भाऊ, सिंगल हँड, घर ते दवाखाना,' असं तुम्ही सांगितलंत. आरसीवरच्या माणसाला आम्ही नंतर फोन लावला. तो डॉक्टर नाही, आणि त्यानं गाडी विकली तेव्हाचा आकडा तुमच्या मीटरवरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त होता.

भाचा भोळा होता म्हणून फसला, असं तुम्ही चारचौघांत सांगत असाल. तसं नाही. त्यानं वेगवान गाडीचं स्वप्न पाहिलं, पण वही-पेन घेऊन पाहिलं. अबार्थ पुंतो ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली, आपल्याच रांजणगावच्या कारखान्यात बनली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, जागेवरून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, आणि दिल्लीत एक्स-शोरूम किंमत तेव्हा दहा लाखांच्या आत. त्या पैशात एवढी ताकद सहजी मिळत नव्हती. पण फियाटनं पुढे इथलं आपलं गाड्यांचं दुकान आवरलं आणि त्या रांजणगावात आता जीप बनतात. म्हणजे सुटे भाग कुठून आणायचे? टर्बो गेला तर अकोल्यात कुणी हात लावेल की पुणं गाठावं लागेल? गाडीचं पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटरवर, मग पावसाळ्यात काळ्या मातीतल्या पांदण रस्त्यानं शेतात जायचं कसं? हे सगळं त्यानं विचारलं, लिहिलं, त्याचे पैसे वेगळे काढून ठेवले. शेतात मोटरसायकलनं जाईन, ही गाडी डांबरावरच काढीन, असंही ठरवलं.

त्या वहीतला सगळा हिशेब एका आकड्यावर उभा होता आणि तो आकडा तुम्ही दिलेला होता. बाजार समितीत शेतकरी ओलाव्याची कपात सोसतो, हमाली सोसतो, भावासाठी भांडतो. पण काट्यातच खोट असेल तर त्याच्या सगळ्या शहाणपणाचं मातेरं होतं. तुम्ही काट्यातच खोट घातलीत.

त्याची किंमत काय ते सांगतो, कारण मीटर पाडलं म्हणजे गिऱ्हाइकाचे चार पैसे जास्त गेले, एवढ्यावर तुमची समजूत थांबलेली दिसते. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. खालचा क्रँक आणि वरच्या झडपा यांची चाल तो जुळवून ठेवतो. रबराचा असल्यामुळे तो किलोमीटरनंही संपतो आणि वर्षांनीही. ठरलेल्या वेळी बदलला तर फार मोठा खर्च नाही. चालत्या गाडीत तुटला तर झडपा पिस्टनवर आदळतात, वाकतात आणि इंजिनाचं डोकं उतरवावं लागतं. भाच्याला हे ठाऊक होतं. गाडीचं वय पाहून त्यानं बेल्टबद्दल तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही म्हणालात, 'बदललेला हाय, बिल मागून पाठवतो.' बिल आलं नाही. बेल्ट बदललेला असता तर आलं असतं.

समृद्धी महामार्गावर, कारंज्याच्या पुढे शेलू बाजारच्या दिशेनं येताना तो बेल्ट तुटला. त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. भाचा त्याच्या आत होता. इंजिन एका क्षणात बंद पडलं, स्टीअरिंग जड झालं, ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांपुरता उरला, आणि मागून मालट्रक येत होता. पोरानं गाडी कशीबशी कडेच्या पट्ट्यात घेतली, म्हणून हे पत्र तुम्हाला येतंय. नाहीतर पोलिसांच्या कागदावर 'चालकाचा ताबा सुटला' असं लिहिलं गेलं असतं. तुमचं नाव कुठेही आलं नसतं. तुमच्या धंद्याची मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच आहे. खून करूनही हाताला डाग लागू नये, अशी त्याची रचना आहे.

महागड्या गाड्यांच्या दुनियेतही कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे आपल्या राज्यानं पाहिलंय. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंतीचा केवढा गाजावाजा झाला. भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून आपण सगळेच हरखलो होतो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. एकाच इंजिन आणि चासी क्रमांकाची गाडी दोन राज्यांत नोंदवली गेली आणि अशा गाड्यांवर कर्जं उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे मी जाणतो. पण त्या बातमीनंतर जुनी गाडी घेताना चासीवर ठोकलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, हे निदान मी तरी शिकलो. भाच्यालाही शिकवलं. तुमच्याकडे तो क्रमांक बरोबर होता. खोटं दुसरीकडे होतं.

आता वाचणाऱ्यांच्या देखत सांगतो, तुमचा हात कुठे पोचत नाही ते. मीटरमधला आकडा तुम्ही बदलता. पण अनेक गाड्यांत ब्रेकच्या, इंजिनाच्या, गिअरच्या कंट्रोल युनिटांतही किलोमीटरच्या खुणा राहतात आणि चांगल्या स्कॅनरला त्या दिसतात. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चासी क्रमांक दिला की प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचा आकडा निघू शकतो. आम्हाला तुमचं पाप तिथंच सापडलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी त्याची तारीख शिवलेली असते. मीटर चाळीस हजार म्हणतंय आणि टायर तिसऱ्यांदा बदललेले दिसतायत, तर इसार देऊ नये. पुरातली गाडी असेल तर स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांखाली गाळ-गंज राहतोच, वरून कितीही अत्तर फवारा. आणि बिल 'मागून पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही मागूनच द्यावेत.

कायद्याचंही तुमच्या कानावर घालतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, ताब्यात घेतलेली गाडी कळवावी लागते, ती कुठे कुठे फिरवली त्याची नोंद ठेवावी लागते. तुमच्या भिंतीवर प्रमाणपत्र नव्हतं, ड्रॉवरमध्ये मात्र मूळ मालकाच्या सहीचे, मालकी बदलायचे कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म होते. त्या मालकालाही तुम्ही टांगणीला लावलंत. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय की नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी तीन हात फिरली तरी. म्हणजे समृद्धीवर त्या दिवशी भाच्याच्या गाडीमुळे दुसरं कुणी मेलं असतं, तर गाडी कधीच विकून मोकळा झालेला पुण्याचा तो माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढला असता.

बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरचा अधिकृत दाखला द्यावाच लागतो. अमेरिकेनं १९७२ मध्येच मीटर मागे फिरवण्याविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे असा दाखला सक्तीचा व्हावा, म्हणून मी खासदार-आमदारांना लिहिणार आहेच. तोवर फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या आयोगातही दाद मागता येते. तुमचं दुकान कुठल्याही शहरात असो, आमची तक्रार वाशिमच्या जिल्हा आयोगात गेलेली आहे. तारखेला तुम्हाला इकडे यावं लागेल.

पैसे आम्ही तिथं मागू. या पत्रात मागणं वेगळंच आहे. गेल्या काही वर्षांत तुम्ही ज्यांना ज्यांना मीटर पाडून गाड्या विकल्यात, त्यांचे नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहेत. त्यांना एकेक करून फोन लावा. खरा आकडा सांगा, बेल्ट बदललेला नाही हे सांगा, ब्रेक पॅड आणि टायर कधीचे आहेत ते सांगा. शिव्या बसतील, त्या ऐकून घ्या. त्यातला एखादा येत्या रविवारी बायकापोरांना घेऊन समृद्धीवर निघणार असेल, तर त्याच्या आधी तुमचा फोन पोचला पाहिजे.