मेलेला गडी उठतो की नाही?

वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, फांदी तशीही कुंपणावरून तुमच्याच अंगणात आलीय. पण आधी मला सांगा, तुमचा मुलगा शनिवारचा यायचा का थांबला? पोरं गच्चीवर जमली, त्याची खुर्ची मात्र रिकामी. आमच्याला विचारलं तर तो मिठाची गुळणी धरून बसलेला. शेवटी रणोलीहून ती मुलगी येते ना, तिनं सांगितलं, सेव-उसळ खाता खाता. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि माझ्या तर त्याहून नाही.

तुमच्या मुलाचा योद्धा मेला म्हणे.

हो हो, खेळातला. पण हसू नका. कॉलेजात होता तेव्हापासून जपलेला योद्धा होता तो. वहीत त्याचं चित्र, त्याच्या तलवारीचं नाव, त्याच्या गावाची हकीकत, सगळं लिहिलेलं. मी पाहिलीय ती वही. तुम्ही नाही पाहिली? मग विचारा एकदा, दाखवेल.

नाही, पत्ते नाहीत ते, आणि मोबाइलवरचाही खेळ नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढला. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला डीएम म्हणतात. आमच्याकडे तो आमचाच, बडबड्या असल्यामुळे. बाकीचे एकेक पात्र घेतात. तुमचा योद्धा, रणोलीवाली देवळातली वैदीण, बाजव्याचा तो उंच मुलगा जादूगार. आता दार उघडलं का, घाव बसला का, पहारेकऱ्याला थाप पटली का, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. केर काढताना सोफ्याखाली मला नेहमी एक तरी फासा सापडतो, अन् दरवेळी निराळ्या आकाराचा.

तर झालं काय, यांनी खेळ बदलला. म्हणजे गोष्ट तीच, पात्रं तीच, नियम दुसरे. पाथफाइंडर नावाचा खेळ. आणि ही सगळी भाऊबंदकी आहे बरं का वहिनी, आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याला शोभेल अशी. मूळ खेळाच्या मालक कंपनीनं, विझर्ड्स ऑफ द कोस्टनं, 2000 साली सगळ्या जगाला लेखी परवानगी दिली होती, की आमच्या नियमांचा गाभा घ्या, त्यावर तुमची पुस्तकं काढा, खुशाल विका. पुढे 2008 साली त्यांनी चौथी आवृत्ती आणली, ती पुष्कळांच्या पचनी पडली नाही. मग पायझो नावाच्या कंपनीनं जुन्याच नियमांवर हात फिरवून 2009 साली आपली वेगळी चूल मांडली. तोच हा पाथफाइंडर. आता त्याचीही दुसरी आवृत्ती निघालीय, आणि ती मूळ घरापासून बरीच लांब गेलीय.

खरी मजा जानेवारी 2023 मध्ये झाली. मालक कंपनी जुनी परवानगी मोडीत काढून नवी आणणार, असा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावलंत तर वरच्या रकमेवर 25 टक्के आम्हाला द्या! गिऱ्हाईक असं खवळलं की विचारू नका. 27 जानेवारीला कंपनीनं माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे मोकळे करून टाकले. पण तोवर पायझोच्या नियमपुस्तकांचा आठ महिने पुरेल असा साठा दोन आठवड्यांत संपला होता. एकाच्या भांडणात दुसऱ्याचं दुकान चाललं.

आमची पोरं सांगतात, आम्ही तत्त्वासाठी खेळ बदलला. कसलं तत्त्व? तेव्हा तर सगळी मुकाट जुनाच खेळ खेळत होती. कारणं दोन. एक, पाथफाइंडरचे सगळे नियम नेटवर फुकट वाचायला मिळतात, कंपनीच्या संमतीनं, चोरून नाही. दुसरं कारण आमचा मुलगा. जुन्या खेळात पात्रं बलदंड झाली की तो तासन् तास मांडणी करून राक्षस उभा करायचा आणि ही मंडळी त्याला दोन फेऱ्यांत आडवा करायची. रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्याचं तोंड पाहवत नसे. नव्या खेळात म्हणे ते गणित जुळतं. राक्षस जड जाईल असं पुस्तकात लिहिलं असेल तर तो जड जातोच.

आणि जड गेला तो तुमच्या मुलाला.

कसा, ते ऐका. रणोलीवालीनं मला कागदावर काढून दाखवलं, मी दोनदा समजून घेतलं. जुन्या खेळात योद्ध्याची ताकद शून्यावर आली की तो पडतो, पण लगेच मरत नाही. त्याची पाळी आली की फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले तर सुटकेची एक खूण, खाली पडले तर मरणाची. सुटकेच्या तीन झाल्या तर तगला, मरणाच्या तीन झाल्या तर गेला. पण मधेच कोणी त्याच्यावर जरासा जरी उपचार केला तर तो ताडकन उठतो, आणि त्या खुणा सगळ्या पुसल्या जातात. पाटी कोरी. मग काय, यांनी युक्तीच बसवली होती. तुमच्या मुलानं सगळ्यांत पुढे जायचं, मार खायचा, पडायचं. वैदिणीनं लांबूनच मंत्र म्हणायचा, की हा परत उभा. पुन्हा पडला, पुन्हा उभा. मला विचाराल तर हा लबाडपणाच, पण नियमात बसणारा.

नव्या खेळात पडलेला माणूस उठतो, पण जखम नोंदली जाते. मरणाच्या चार पायऱ्या आहेत, चौथीवर संपला. पहिल्यांदा पडलात तर पहिल्या पायरीवर. उठलात की नावापुढे एक जखम. दुसऱ्यांदा पडलात की ती जखम मिळवून थेट दुसऱ्या पायरीवर. पुन्हा उठलात, जखमा दोन. त्या लढाई संपल्यावर बसून नीट मलमपट्टी केली की जातात, पण लढाई चालू असताना मलमपट्टीला वेळ कोणाला? तुमचा मुलगा सवयीनं पुढे गेला, पडला, उठला, पडला, उठला. तिसऱ्यांदा राक्षसाचा फटका वर्मी बसला. वर्मी घाव बसून पडलं की सुरुवातच दुसऱ्या पायरीवरून, त्यात आधीच्या दोन जखमा मिळवा. झाले चार. वैदीण तोंड उघडायच्या आत योद्धा गेला. म्हणे गच्चीवर कोणी बोलेचना. मग तुमचा मुलगा उठला, वही पिशवीत टाकली आणि जिना उतरला. आमचे हे खाली व्हरांड्यात बसले होते, त्यांना “येतो काका” म्हणाला, एवढंच.

आता यात चूक कोणाची? आमचा म्हणतो, नियम आधी सांगितला होता. तुमचा म्हणत असेल, नुसतं सांगून काय होतं, हात तर जुन्याच चालीनं चालतो. मला तुमच्याचं म्हणणं पटतं, माझ्या मुलाच्या तोंडावर सांगीन.

अहो, हा प्रश्न काय आजचा आहे? मेलेल्या गड्याचं काय करायचं, यावरून तर आपल्या बडोद्यानं अख्खा हुतूतू ताळ्यावर आणला. पूर्वी गावोगाव निराळा खेळ होता. संजीवनीत समोरचा एक गडी मारला की आपला एक मेलेला जिवंत होऊन आत येई. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत त्यानं बाहेर बसायचं. आणि अमरमध्ये तर बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, समोरच्याला नुसता गुण मिळायचा. विचार करा, गामिनीवाल्या गावाचा संघ संजीवनीवाल्या गावाशी खेळायला गेला तर काय तमाशा होत असेल! मग पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं नियम बांधायला घेतले, आणि 1923 साली इथे हिंद विजय जिमखान्यानं छापील नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा भरवली. आज टीव्हीवर जी कबड्डी बघतो ती संजीवनीच्या वळणाची. मेलेला गडी परत येतो, म्हणून तर शेवटच्या मिनिटापर्यंत जीव टांगणीला लागतो. गामिनी कोणाला आठवते आता? पण गामिनीत मुरलेले गडी असतीलच ना, दम राखून, कोपरा धरून, एकट्यानं सगळा डाव तारणारे. त्यांचं काय झालं, हे कोणी लिहून ठेवत नाही. बडोद्यात तर मुजुमदार नावाच्या गृहस्थांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, 1936 पासून 1949 पर्यंत. एवढी हौस आपल्या गावाला खेळ कागदावर उतरवायची.

जुन्या नियमांत मुरलेला असा एक गडी आमच्याच घरात होता. आमचे आजेसासरे दांडिया बाजारात राहायचे, ते बुद्धिबळ देशी पद्धतीनं खेळत. प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर चालायचं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची चाल, तीही शह बसायच्या आधी. प्यादं पलीकडे पोचलं की हवं ते मोहरं मागायचं नाही, ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचं मोहरं. सासरे सांगायचे, म्हातारबुवा त्या पद्धतीत कोणाला हार जात नसत. मग मुलं शाळेतून विलायती नियम शिकून आली आणि चौथीतल्या पोरानं त्यांना हरवलं. प्यादं दोन घरं उडालेलं त्यांच्या लक्षातच येईना. पुढे ते फक्त पेटीतली मोहरी पुसायला खाली बसत.

विलायती पद्धतीचं वारं काही नवं नव्हतं. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचे बुद्धिबळाचे डाव 1814 साली मुंबईत इंग्रजीत छापले गेले, ते युरोपी पद्धतीला जुळवून घेऊनच. आणि पंजाबचा मीर सुलतान खान बघा. लहानपणी देशी नियमांवर वाढलेला, मोठेपणी विलायती शिकला, आणि 1929 साली लंडनला जाऊन ब्रिटिश विजेता झाला. पुन्हा 1932 ला, पुन्हा 1933 ला. कॅपाब्लांकाला हरवलं त्यानं! पण जाणकार म्हणतात, त्याची सुरुवातीची खेळी कायम कच्ची राहिली. देशी डाव सावकाश उलगडतो, विलायतीत पहिल्या दहा चालींत गळा धरतात. एवढा मोठा खेळाडू, तरी जुनी सवय त्याच्या डावात डोकावायचीच. मग तुमच्या मुलाला दोन-चार शनिवारांत नवे नियम अंगवळणी कसे पडणार?

मला तर वाटतं, खेळ बदलला की सगळ्यांत जास्त दुखतं ते ज्याला जुना खेळ पाठ होता त्याला. तुमचा मुलगाच ना या पोरांचा नियमांचा भास्कराचार्य? काही अडलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. “पान अमुक, उजवीकडे, खाली,” असं न बघता सांगायचा. आता अडलं की बाजव्याचा तो मुलगा मोबाइल काढतो आणि नेटवर वाचून दाखवतो. योद्धा मेला त्याचं दुःख आहेच, पण नवा योद्धा अर्ध्या तासात बनतो. ही जागा गेली, ती कुठून आणायची? पोरांना हे बोलता येत नाही, म्हणून ती नियमांवरून भांडतात.

आमच्या ह्यांनी काल एका वाक्यात निकाल दिला. उभी हयात रिफायनरीत गेली त्यांची, अजून घड्याळ शिफ्टवर चालतं. म्हणाले, चालू युनिटचा व्हॉल्व्ह कोणी बदलत नाही, आधी शटडाऊन घेतात. गोष्ट अर्ध्यावर होती, पात्रं जुन्या नियमांवर वाढली होती, पोरांनी एका रात्रीत आकडे खोडून नवे भरले. सातव्या पातळीचा योद्धा नव्या वहीत उतरवला, पण तो ज्या धाडसानं लढायचा ते धाडस जुन्या नियमांच्या जिवावर होतं. ते कोणत्या रकान्यात लिहिणार? ह्यांचं म्हणणं, हातातली गोष्ट जुन्याच नियमांनी संपवायला हवी होती. मग नवा खेळ, नवी पात्रं, पहिल्या पातळीपासून, सगळेच सारखे अडाणी. मला हे पटलं. आमच्या मुलालाही पटलंय, फक्त कबूल करायला त्याला अजून एक शनिवार लागेल. बापावर गेलाय.

तेव्हा वहिनी, तुमच्या मुलाला माझा निरोप द्या. त्या दिवशीचा डाव रद्द, योद्धा जिवंत, गोष्ट जुन्या नियमांनी पुरी करायची, असं मी ठरवलंय. गच्ची माझी आहे. त्यानंतर पाथफाइंडर, आणि त्यात डीएम का जीएम काय म्हणतात ते त्यानं व्हावं, म्हणजे पुस्तक पुन्हा त्याच्या हातात येईल. आमच्यालाही कळू दे, राक्षसासमोर उभं राहायचं म्हणजे काय असतं. शनिवारी आठला पाठवा, जेवून येऊ नको म्हणावं, पावभाजी आहे.