टॉर्चला माझा पत्ता कशाला?

टॉर्चचं काम एकच. बटण दाबलं की उजेड पडावा, पुन्हा दाबलं की विझावा. या सगळ्या व्यवहारात तिने माझं नाव-गाव विचारण्याचं काही कारण नाही. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला एवढी रीतभात होती. त्या फोनच्या माथ्यावर एक इवलासा दिवा होता. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत मेणबत्ती सापडेपर्यंत त्याच्याच उजेडात कढी ढवळली गेली. तो फोन जगभरात २५ कोटींच्या वर खपला आणि त्यातल्या एकाही दिव्याने मालक कुठे राहतो याची चौकशी केली नाही.

पुढे फोन शहाणे झाले. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाच्या एका फुकट ॲपवर कारवाई केली. कोट्यवधी लोकांनी ते उतरवून घेतलं होतं. ते उजेड पाडायचं आणि फोनचा ठावठिकाणा गुपचूप जाहिरातवाल्यांना कळवायचं. मला सर्वांत आवडलेला भाग असा की, ॲप उघडल्यावर ‘अटी मान्य आहेत की नाहीत?’ असं अदबीने विचारलं जाई, पण तुमचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आधीच माहिती रवाना झालेली असे. संमती आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अशीच घेतात, पण तिथे निदान चहा तरी देतात.

घरात मला संशयी म्हणतात. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी चिकटपट्टी लावतो म्हणून बायको अजून हसते. २०१६ मध्ये मार्क झुकेरबर्गचा एक फोटो प्रसिद्ध झाला, त्यात त्याच्याही लॅपटॉपला चिकटपट्टी दिसत होती. तो मी तिला दाखवला. ‘‘त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असेल,’’ ती म्हणाली. भाचा तर याहून सरळ. ‘‘मामा, तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही रे. तू आपले प्रिलिमचे मार्क सांग सगळ्यांना.’’ तो पाणी प्यायला आत गेला, तो बराच वेळ आला नाही.

पण संशयी माणसाने खोटे आरोप करू नयेत, असंही माझं मत आहे. ‘‘आम्ही नुसतं मिक्सरबद्दल बोललो आणि लगेच मिक्सरची जाहिरात! फोन ऐकतो बरं का,’’ हे वाक्य हल्ली प्रत्येक हळदीकुंकवात ऐकू येतं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७,००० हून जास्त अँड्रॉइड ॲपं तपासली आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चोरून माइक चालू करणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच. काही ॲपं पडद्यावर काय चाललंय याचंच चित्रण करून बाहेर पाठवत होती. मिक्सरचं कोडं बहुधा याहून साधं असतं. तुम्ही बोलायच्या आधी वहिनींनी तो शोधलेला असतो आणि तुम्ही दोघं एकाच वायफायवर बसलेले असता. तुमचा ठावठिकाणा, तुमची खरेदी, तुमची सोबत एवढं हाताशी असताना ऐकत बसायची तसदी कोण घेईल? आमच्या गप्पा ऐकायच्या तर साडेतीन तास नणंदेच्या घराचं वर्णनच ऐकावं लागेल.

गूगलच्या नजरेतून फोन सोडवायचा असेल, तर ग्राफीनओएस नावाची एक यंत्रणा मिळते. अँड्रॉइडचाच सांगाडा, पण गूगलच्या सेवा मुळातून काढलेल्या. गंमत अशी की, ती बसवायची तर फोन गूगलचाच, पिक्सेल, घ्यावा लागतो. कारण नवी यंत्रणा बसवून पुन्हा पक्कं कुलूप लावायची सोय आणि सुरक्षेची वेगळी चिप त्या फोनमध्ये नीट आहे. हे ऐकून मित्र खदाखदा हसतात. मी ती बसवली. मग एका बँकेचं ॲप म्हणालं, हा फोन आम्हाला विश्वासू वाटत नाही. म्हणून त्या बँकेसाठी मी दुसरा साधा फोन ठेवला आहे. म्हणजे ज्यांना खासगीपणाची पर्वा नाही त्यांच्या खिशात एक फोन आणि मला आहे म्हणून माझ्या खिशात दोन.

इतकं करून जगाला माझी माहिती कळली ती माझ्या फोनमधून नाहीच. एकदा अनोळखी माणसाचा फोन आला. ‘‘काँप्युटर रिपेअर का?’’ फोन कोणाचा आलाय ते दाखवणाऱ्या एका ॲपवर माझ्या नंबरापुढे तेच नाव होतं. माझ्या आतेभावाने मला त्या नावाने साठवलं होतं आणि त्याच्या फोनमधली सगळी यादी त्याने एका ‘ओके’मध्ये वाटून टाकली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या त्या खटल्याचा निकाल ५४७ पानांचा आहे. तो माझ्या आतेभावाच्या अंगठ्यापुढे टिकला नाही.

खासगीपणाचा मुद्दा मला दिवसेंदिवस मालकीचा वाटू लागला आहे. पैसे मोजले की वस्तू आपली, असं आम्ही शिकलो. जुना फोन जमिनीवर पडला की झाकण एकीकडे, बॅटरी पलंगाखाली आणि उरलेला फोन पायाशी. तीन भाग गोळा करून बसवले की पुन्हा सुरू. आता बॅटरी आत गोंदाने चिकटवलेली असते आणि ती काढायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा एखादा हिकमती कारागीर गाठावा लागतो. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग. ते रिक्षावाल्याला सांगून उपयोग नाही, कारण तिथे रिक्षाच जात नाही आणि टॅक्सीवाल्यालाही ते ठाऊक नसतं.) २०१६ मध्ये ॲपलने आयफोनचं हेडफोनचं भोक बुजवलं आणि व्यासपीठावरून त्याला धाडस म्हटलं. भोक बुजवण्याला आमच्याकडे डागडुजी म्हणतात. युरोपने निदान कायदा केला आहे. फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. पळवाटा त्यातही आहेत, पण दिशा मला पसंत आहे.

खेळांचंही हेच झालं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम आला. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असे आणि आत वीसेक खेळ तेच तेच फिरून येत. ही लबाडी खरीच, पण उघड्यावरची लबाडी होती. कॅसेट अडली की कॅसेटमध्ये फुंकर मारायची. वास्तविक काम व्हायचं ते काढून-घालून संपर्क घासला गेल्यामुळे. तोंडातल्या दमटपणाने उलट तांबं खराब होतं आणि निन्टेंडोने फुंकू नका असं बजावलंही होतं. पण फुंकणाऱ्याचा घरात मान असे. ‘कॉन्ट्रा’ या खेळात ३० जीव मिळवणारी बटणांची जुळणी ज्याला पाठ, त्याला तर गल्लीत पाढे पाठ असणाऱ्यापेक्षा जास्त प्रतिष्ठा होती. तो खेळ कोण खेळतंय, किती वाजता खेळतंय हे फक्त आईला माहीत असे.

आता भाचा जे खेळ ‘विकत’ घेतो, ते त्याचे नसतात. २०१४ मध्ये आलेला ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केला. सर्व्हरच बंद, त्यामुळे पैसे भरलेल्यांनाही एकट्याने गाडी फिरवता येईना. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ सुरू केली. माझी सहानुभूती तिला पूर्ण आहे.

आणि ‘व्हॅलोरंट’ची तर बातच वेगळी. २०२० पासून या खेळाबरोबर व्हॅनगार्ड नावाचा राखणदार येतो, खेळात कुणी लबाडी करू नये म्हणून. तो संगणकाच्या अगदी गाभ्यात बसतो आणि संगणक सुरू होताच जागा होतो, मग तुम्ही खेळा की नका खेळू. कॅरम खेळायला आलेल्याने आधी घराच्या किल्ल्या मागाव्यात आणि डाव संपल्यावरही ओट्यावर मुक्काम ठोकावा, तसं हे. भाच्याला समजावलं. तो म्हणाला, ‘‘पण मामा, त्याच्यामुळे चीटर कमी होतात.’’ यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. लबाड खेळाडूंनी खेळाचा विचका होतो हे खरंच आहे. म्हणून तडजोड केली. त्याच्या खेळासाठी वेगळा संगणक. त्यात ना बँक, ना घरचे फोटो. नुसता व्हॅलोरंट आणि तो राखणदार, दोघंच एकमेकांवर पहारा देत बसतात.

घरात आता चार फोन आणि तीन संगणक झाले आहेत. हे सगळं सोप्या जगण्यासाठी आहे, असं बायकोला सांगायचं मी सोडून दिलं आहे.

वाचकांना एवढीच विनंती. कुठल्याही ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले, तर सरळ ‘नाही’ म्हणा. ते नंबर तुमचे नाहीत, आमचे आहेत. आणि माझा नंबर तुमच्याकडे असेल, तर तो नुसत्या नावाने ठेवा. मी काँप्युटर दुरुस्त करत नाही.