तात्या, कापूस अन् कारंजा

"तात्यानं कॉफी सोडली, केळं सोडलं, मसाले सोडले. आपल्या कापडावरचे 50 टक्के काही सोडले नाई गड्या!"

भिंतीपलीकडून मास्तरांनी बातमी दिली तेव्हा 2025 चा नोव्हेंबर अर्धा सरला होता. तात्या म्हणजे डोनाल्ड ट्रम्प. मराठी पोरांनी मोबाइलवर हे नाव कधीचंच पाडलंय. मास्तर मात्र ते थट्टेनं घेत नाहीत, घरच्या हेकट वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेतात.

मास्तर इतिहासाचे, आता निवृत्त. वावर कारंज्यात, मानोरा रोडला. थोडं सोयाबीन, थोडी पऱ्हाटी, मधात तुरीच्या ओळी. माणूस जुन्या वळणाचा. गुरुमंदिरात गेल्याशिवाय चहा नाही, लेकरानं मोठ्यांना उलटून बोललेलं खपत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या रिपब्लिकनांची भाषणं त्यांना परकी वाटत नाहीत. रात्री ऐकतात आणि सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून आम्हाला समजावतात.

"त्यायचं म्हणणं सरळ आहे. घरात कोण येते, ते घरवाल्यानं ठरवावं. लेकराले काय शिकवावं, ते मायबापानं ठरवावं. अन् सरकारनं आधी आपल्या माणसाचं पाहावं. सांगा, यात वावगं काय?"

"वावगं कसं नाई?" ओसरीतून मास्तरीण काकूंचा आवाज. त्या कापसातली कवडी निवडत बसल्या होत्या. त्या हंगामात पावसानं बोंडं भिजली, कवडी जास्त निघाली. पुढची खोली खिडकीपर्यंत कापसानं भरलेली, टीव्ही स्वयंपाकघरात गेलेला. "माह्या बहिणीच्या पोराचं काय झालं, ते सांगा नं भाऊजीले."

मी ते आधी दोनदा ऐकलं होतं, तरी ऐकलं. पोरगा न्यू जर्सीत, एच-वन-बी व्हिसावर. वडिलांच्या श्राद्धाला अकोल्याला आलेला. 19 सप्टेंबरला तात्यांनी फर्मान काढलं की या व्हिसाचे एक लाख डॉलर लागतील. म्हणजे तेव्हाचे आपले 88 लाख. कंपनीचा निरोप आला, असशील तसा नीघ. "सर्वपित्रीचं पान वाढायचं होतं, अन् पोरगं बॅग घेऊन नागपूरच्या विमानाले पळालं! मंग दुसऱ्या दिवशी म्हणते, जुन्या व्हिसावाल्यायले नाई, नव्या अर्जालेच आहे. अरे, हे आधी सांगता येत नव्हतं काय? आपला तलाठीही बरा."

"घाई झाली," मास्तर म्हणाले. "पण त्यायच्या पोरायले काम भेटावं म्हणून केलं ना?"

"अन् तो त्यायचा उपाध्यक्ष? तोही कामासाठीच बोलला काय?"

इथे मास्तर भिंतीवरून कोपर काढून उभे राहिले. उपाध्यक्ष वॅन्स यांच्या पत्नी उषा हिंदू घरातल्या, आईवडील आंध्राकडचे. एप्रिलमध्ये हे कुटुंब भारतात येऊन गेलं, विमानातून उतरताना लेकरांच्या अंगात आपले कपडे होते. काकूंनी तो फोटो सगळ्या भिशीला दाखवला होता. ऑक्टोबरच्या शेवटी त्याच वॅन्सनी भर सभेत सांगितलं, की बायकोही एक दिवस चर्चच्या वाटेनं येईल अशी आपल्याला आशा आहे.

"घरातलं चव्हाट्यावर कायले मांडावं?" काकू म्हणाल्या. "माह्या सासूनं मले एकादशी धराले लावली. पण गल्लीत कधी म्हटलं नाई का सून बाटकी होती, मी सुधरवली."

मास्तर हसले नाहीत. "हे मात्र मले पटलं नाई. जो स्वतः 2019 मधी कॅथलिक झाला, त्यानं दुसऱ्याच्या वाटेले हात लावू नये. परंपरा मानणारा माणूस बायकोच्या माहेरच्या देवालेही हात जोडते. नाई तं ती परंपरा कायची, नुसता हट्ट."

मास्तरांचं हेच मला आवडतं. ते बाजूचे असतात, पण बाजूचे गुलाम नसतात. 

खरी गोष्ट कापसाची. ती निघाली की मास्तर आवाज उतरवतात.

"तारखा ऐका. 7 ऑगस्टले दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमात मोदीजी बोलले, शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यायच्या हिताशी तडजोड नाई. मी इथं टाळ्या वाजवल्या. अमेरिकेचं दूध नको म्हटलं, तेही बरं केलं."

"त्यायच्या गाईले मांसातलं खाऊ घालतात म्हणे," काकू. "ते दूध नैवेद्याले कसं चालंन?"

"तेच. मक्का, सोयाबीनलेही दार उघडलं नाई, छान. अन् मंग 18 ऑगस्टच्या रात्री काय निघालं? परदेशी कापसावरचे 11 टक्के माफ! आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मंग 31 डिसेंबरपर्यंत. पोळ्याच्या तोंडावर, भाऊ! बैलाले बाशिंग बांधायच्या आधी शेतकऱ्याचं सोडलं."

मी म्हटलं, "मास्तर, तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापड गिरण्यांचंही पाहावं लागते. 27 ऑगस्टला, गणपती बसले त्याच दिवशी, आपल्या मालावर 50 टक्के लागले. त्यातले 25 तर रशियाचं तेल घेता म्हणून. गिरणीवाल्याला सूत स्वस्त पडलं नाही तर तो माल विकणार कुठं? अन् गिरणी बंद पडली तर तुमचा कापूस घेणार कोण?"

"गिरणीले मदत द्या नं! माह्या खिशातून कायले?" मास्तरांनी भिंतीवर थाप मारली. "हा कर 2021च्या अर्थसंकल्पात यायनंच लावला होता, शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून. अन् वेचणीच्या हंगामाआधीच काढला. ब्राझीलचा, अमेरिकेचा कापूस बिनाकराचा येते, अन् माह्या कापसाले खेडा खरेदीवाला हमीभावाच्या खालचा भाव सांगते. मध्यम धाग्याले 7,710 अन् लांब धाग्याले 8,110 हे कागदावर. सरकारी सीसीआयले द्यायचा तं अ‍ॅपवर नोंदणी, स्लॉट, सातबारा. अन् ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत."

त्यांनी मूठभर कापूस माझ्या हातात दिला. वरून कोरडा, दाबला तर सरकीजवळ गार. दिवाळीच्या आसपासच्या पावसाचं ते पाणी.

मग मास्तरांतला इतिहास जागा झाला. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, लिंकनच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजाची नजर वऱ्हाडावर पडली. भाव आकाशाला भिडले. 1865 ला युद्ध थांबलं आणि मुंबईतले सट्टेवाले रातोरात बुडाले. पण इंग्रजाला वऱ्हाडाच्या कापसाची चटक लागली ती लागलीच. पुढे मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळ शकुंतला रेल्वे आली ती याच मालासाठी. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचं. "म्हणजे तिकडं कोण निवडून येते, हे कारंज्याच्या वावराले दीडशे वर्षांपासून कळते. लोक म्हणतात मास्तराले रिकामा धंदा नाई."

"पण मंग तात्या तुमचा कसा?" काकूंनी नेमकं विचारलं. "त्यानंच तं हे सारं केलं."

"तो माहा नाईच. तो त्यायचा आहे. म्हणून तं सांगतो, शिका. चीननं त्यायचं सोयाबीन घेणं बंद केलं, त्यायचा शेतकरी बोंबलला. तात्या 30 ऑक्टोबरले कोरियात जाऊन शी जिनपिंगले भेटला, अन् वर्षअखेरपर्यंत 1 कोटी 20 लाख टन सोयाबीन घ्यायचं कबूल करवून आला. ज्याले सकाळ-संध्याकाळ शिव्या घालते, त्याच्याशी हात मिळवला, आपल्या शेतकऱ्यासाठी! अन् माह्या सोयाबीनचा हमीभाव 5,328, यार्डात भेटला त्याच्या किती खाली, ते हिले विचारा."

काकूंनी आकडा सांगितला नाही. नुसतं कवडीचं टोपलं बाजूला सारलं.

मास्तरांचं सगळं मला मान्य नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाकडे चोर म्हणून पाहायचं राजकारण शेवटी आपल्याच भाच्याच्या दारात येतं, हे त्यांना दिसतं तरी कबूल करवत नाही. शिवाय 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर तात्यांचं स्वतःचं सरकार पैशाअभावी बंद होतं, त्यावर ते बोलतच नाहीत. पण 'आधी आपला माणूस' ही गोष्ट वॉशिंग्टनला चालते आणि वाशिमला चालत नाही, हा त्यांचा सवाल चोख आहे. तिरुपूरला वाचवायचं तर तिजोरीतून वाचवा, मानोरा रोडच्या पऱ्हाटीतून नको.

परदेशी कापसाची ही सूट 31 डिसेंबर 2025 पर्यंतच होती. यवतमाळ-वाशिमच्या ज्या कुणाच्या घरात तेव्हा कापूस पडून होता, त्यांचा आपल्या खासदारांना एकच सवाल होता: 1 जानेवारीपासून 11 टक्के परत लागतात की नाही?