मालक जागेवर नाहीत

वर्ध्याला खेटून असलेल्या सिंदी मेघेत लेआउट पडला, प्लॉट विकले गेले आणि काम सुरू झाले, की एका घरावर तीन मालक तयार होतात: ज्याचा प्लॉट तो, ज्याचा ठेका तो, आणि सकाळी ठिय्यावरून मिस्त्री-रेजा उचलून आणणारा मुकादम. मजुरावर ओरडण्याचा अधिकार तिघांनाही असतो. सेंट्रिंगवरून कुणी पडले, की तिघेही जागेवर नसतात.

ही सोय १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने आधीच हेरली होती. ठेकेदाराचा मजूर मेला किंवा अपंग झाला आणि ठेकेदाराने भरपाई बुडवली, तर ती मूळ मालकाने भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. अट एवढीच, की कामावर दहा किंवा अधिक मजूर हवेत. म्हणून हजेरीपुस्तकात नऊच नावे असतात आणि दहावा ओळखीपोटी विटा वाहतो. स्वतःच्या राहत्या घराला दहा लाखांपर्यंत सूट होती. त्यामुळे दुमजली घरांचे अंदाजपत्रकही साडेनऊ लाखांच्या पुढे सहसा सरकले नाही.

पाण्याबाबत कायदा फारच हळवा होता. पाणी पिण्याचे असल्याची पाटी बहुसंख्य मजुरांना कळेल अशा भाषेत हवी आणि ते संडास-मुतारीपासून सहा मीटर दूर हवे. मुतारीच बांधलेली नसल्याने ही अट बहुतेक कामांवर काटेकोरपणे पाळली गेली. सुरक्षेचा नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. दोन हजारांत सगळ्यांचे हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट येत नाहीत, हा हिशेब ठेकेदाराला शिकवावा लागला नाही.

खरी कला दिसते ती मृत्यूनंतर. पहिले वाक्य ठरलेले: ‘तो पिऊन होता.’ किरकोळ दुखापतीत हा बचाव चालतो; मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर १९२३चा भरपाई कायदा तो ऐकूनच घेत नसे. दुसरी पायरी तडजोडीची. घरच्यांच्या हातात काही हजार आणि शंभराच्या स्टॅम्पवर अंगठा: ‘आमची काही तक्रार नाही.’ भरपाईचा हक्क सोडून देणारा असा कागद त्या कायद्याने रद्दबातल असे आणि मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे. महिन्याच्या आत भरली नाही, तर वर १२ टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड. तीस वर्षांच्या मजुराचा महिना पंधरा हजार धरला, तर निम्मे वेतन गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. हा आकडा तडजोडीच्या बैठकीत कुणी उच्चारत नाही.

समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनही जातो. त्याच्या शहापूरकडील कामावर १ ऑगस्ट २०२३ रोजी गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण गेले. मंत्री पोहोचले, पाच लाखांची मदत जाहीर झाली. एकट्याने पडणाऱ्याच्या वाट्याला एवढी वर्दळ येत नाही.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची पेटी आणि भांडी मिळवायची तर वर्षात ९० दिवस बांधकाम केल्याचा दाखला लागतो. तो आपल्या मजुराला देताना ठेकेदाराचा हात अडखळतो, कारण त्या सहीने तो त्याचा मालक ठरतो. ज्याने आयुष्यात घमेले उचलले नाही, अशा भाच्याला दाखला देण्यात हा धोका नाही.

२१ नोव्हेंबर २०२५पासून हे कायदे नव्या कामगार संहितांत सामावले गेले. सुरक्षेत कसूर होऊन मृत्यू झाल्यास आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. दंडाचा निम्मा तरी भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. राहत्या घराची सूट मात्र दहावरून पन्नास लाखांवर गेली आहे. सिंदी मेघेतली अंदाजपत्रके आता निर्धास्तपणे खरी लिहिता येतील.